तळ्याईच्या पोथीतला राक्षस

"राक्षसाले सहावं बोट काहून देलं, बाई?" शालिकराम गुरुजींनी पोथीतून मान वर करून विचारलं.

"होतंच त्याले," सिंधूताई म्हणाल्या.

तळ्याई देवीची पोथी त्यांनी नऊ वर्षं खपून ओवीत बांधली होती. पण देवीपेक्षा त्यांचा जीव धोंडासुरात जास्त. बोलण्याआधी तीनदा खाकरणारा, डाव्या हाताला सहा बोटं असलेला, विधवा भावजयीला तेराव्याच्याच दिवशी घराबाहेर काढणारा. हा अख्खाच्या अख्खा त्यांचा मोठा दीर, चंपतराव. घर सोडताना त्यानं सिंधूताईंना त्यांची स्वतःची शिलाई मशीनसुद्धा उचलू दिली नव्हती. ते आठवलं की आजही सिंधूताईंच्या अंगाची लाही होई. सक्करदऱ्यातल्या बायका दरवर्षी पोथी वाचतील आणि दरवर्षी चंपतरावाची शोभा होईल, एवढंच त्यांना हवं होतं.

"मरताना वर नाही देला त्याले," गुरुजी म्हणाले. "देवीच्या हातानं मेला, तं वर द्याच लागते. नाही तं पोथी देवळात वाचू देनार नाही कोनी."

दातओठ खात सिंधूताईंनी दोन ओव्या घातल्या. देवी म्हणते, पारायण सरलं की आधी धोंडासुराचे पाय धुवा, मग माझी आरती करा. देवळात राक्षसाची मूर्तीच नव्हती, तेव्हा त्यांनी फार मनाला लावून घेतलं नाही.

पारायणाला चंपतरावांना मानाचं बोलावणं गेलं. ते आलेही, ऐटीत पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले. सिंधूताईंनी आवाज चढवून राक्षसाचा अध्याय वाचला. सहावं बोट आलं तशा माना वळल्या. तेराव्याचा दिवस आला तेव्हा दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला. चंपतराव तीनदा खाकरले. इतक्या वर्षांनी सिंधूताईंचं काळीज निवलं.

पोथी मिटल्यावर भजनी मंडळाची मोनाली जवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, धोंडासुर कोन आहे ते समजलं आमाले."

"साऱ्यायले समजलं?"

"साऱ्यायले. बरं झालं वं काकू, आमाले घोर लागला होता. मूर्ती तं नाही, पाय कोनाचे धुवा?" तिनं पाण्याचा तांब्या आणि हळदीकुंकवाचं ताट सिंधूताईंच्या हातात दिलं. "पोथी तुमची, पहिला मान तुमचाच."

मागे बायकांची रांग लागली होती. चंपतरावांनी धोतर जरा वर घेतलं आणि पाय पुढे केले.