डाळिंबी ठिपका

शिकवणीवाल्या बाईंचा कॉम्प्युटर पुन्हा दुरुस्तीला दुकानात आला, तेव्हा कॅबिनेट उघडण्याआधी तिने शेवटच्या स्क्रूवरचा ठिपका पाहिला. ठिपका शाबूत होता. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

ठिपका ही मालकांची पद्धत. दुरुस्ती झाली की शेवटच्या स्क्रूवर ते नेलपॉलिशचा एक थेंब लावत. पुढे कुणी कॅबिनेट उघडलं तर ठिपका फुटायचा, म्हणजे गिऱ्हाईक 'आम्ही हातसुद्धा लावला नाही' म्हणालं तरी ठिपका चुगली करायचा. ती दुकानात कामाला लागली त्याच आठवड्यात दुकानातली बाटली सुकून दगड झाली. तेव्हा तिने मामेबहिणीच्या लग्नासाठी घेतलेली आपली डाळिंबी रंगाची बाटली आणली आणि त्यातलं अर्धं दुकानासाठी दुसऱ्या बाटलीत ओतून दिलं. उरलेली घरी आरशापाशी पडून होती. दिवसभर हात यंत्रांच्या पोटात, नखं रंगवून मिरवायचं कुणापुढे?

नोकरी पहिलीच होती, तीही दोन वर्षं घरी बसून लोकांचे टोमणे खाल्ल्यावर मिळालेली. मालकांनी आडपडदा ठेवला नव्हता. काम आलं तर राहशील, एकट्यापुरतंच असेल तर मी एकटा पुरे आहे, असं त्यांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. तिने ते घरी जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला.

मग बाबांनीच कंबर कसली. निवृत्त माणूस, वेळ भरपूर आणि ओळखी त्याहून भरपूर. कुणाचं तिकीट काढून दे, कुणाचं बिल भर, असं करत ते ज्याच्या-त्याच्या घरी कॉम्प्युटरसमोर जाऊन बसत. तो बंद पडला की 'आमच्या पोरीच्या दुकानात न्या' हे ठरलेलं. बिचाऱ्या मालकांचं दुकान त्यांनी महिनाभरात पोरीच्या नावावर करून टाकलं. यंत्राच्या आत काय असतं तेही त्यांना बघायचं होतं. तिने घरचा कॉम्प्युटर उघडून रॅमची पट्टी काढून दाखवली. कप धरतानाही थरथरणाऱ्या बोटांनी त्यांनी ती पुन्हा बसवली आणि 'टक्' आवाज आला तेव्हा लहान मुलासारखे हसले. जन्मभर कचेरीत फायली हलवलेला बाप आपल्यासाठी हे शिकतोय, या विचाराने तिला भरून आलं.

काम खरंच येऊ लागलं. पण दुरुस्त करून दिलेले कॉम्प्युटरही परत येऊ लागले. आधी शिंप्याचा, मग कोपऱ्यावरच्या दवाखान्याचा, आता बाईंचा. दर वेळी दोष तोच, रॅमची पट्टी एका बाजूने उचललेली.

ती आपोआप उठत नाही, हे आता तिला कुणी शिकवायला नको होतं. कुणीतरी कॅबिनेट उघडत होतं आणि वरून पुन्हा डाळिंबी ठिपका लावत होतं. बाटलीला हात लावणारे दोघंच, त्यातली ती नव्हती. उरले मालक. दुरुस्त झालेला कॉम्प्युटर पोचवायला ते स्वतः जात, आणि आठवड्याभराने 'चालतोय ना?' म्हणून पुन्हा डोकावत. आधी तिला तो चांगुलपणा वाटला होता. आता ठिपकाही नीट दिसला. मालक एरवी गोल ठिपका लावायचे, हा स्क्रूच्या बाहेर फरफटला होता. चोराला घाई असणारच, ती मनात म्हणाली.

समोर बाई होत्या. मशीनवर कपडे टाकून शिंपीही काही विचारायला आला होता. चारचौघांत बोलावं की नाही, असा विचार तिने क्षणभर केला. मग संतापाने तो गिळला.

"हा कुणीतरी मुद्दाम बिघडवलाय," ती मोठ्याने म्हणाली. "आधीचे दोनही असेच. ठिपका आपल्या दुकानाचा आहे. म्हणजे बिघडवणाराही आपल्याच दुकानाचा."

मालक मागून पुढे आले. त्यांनी स्क्रूवर बोट फिरवलं.

"उघडलाय खरा," ते म्हणाले. "पण मी नाही."

"मग मी?"

बाई गोंधळल्या. "पण परवा तुझे बाबा आमच्याकडे तिकीट काढत बसले होते, तोवर तर ठणठणीत चालत होता," त्या म्हणाल्या. "नंतर मी चहा ठेवायला आत गेले, आणि आल्यावर बघते तर बंद."

"बघा, दुरुस्ती नीट झाली होती याला बाबाच साक्षीदार आहेत," ती म्हणाली.

मालकांनी बाईंकडे पाहिलं, मग तिच्याकडे. शेवटी त्यांनी खाली बघत स्क्रूड्रायव्हर, पक्कड जागच्या जागी ठेवायला सुरुवात केली.

"तुला तसं वाटत असेल तर तसं," ते म्हणाले.

शिंपी थुंकल्यासारखं काहीतरी बोलून निघून गेला. बाईंनी आपला कॉम्प्युटर उचलून नेला. हे आता घरोघरी पोचणार, हे तिला कळत होतं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा आनंदच झाला. अशा माणसाच्या हाताखाली एक दिवसही राहायचं नाही, असं सांगून ती दुपारीच घरी आली.

बाबा दारातच भेटले, कुठूनतरी नुकतेच आलेले. तिने सगळं सांगितलं. ते हळूहळू खुर्चीत बसले.

"ते काय म्हणाले?"

"काय म्हणणार? मान खाली घातली."

"माझ्याबद्दल... काही बोलले?"

"तुमच्याबद्दल कशाला बोलतील? बाबा, बरं वाटत नाहीये का?"

त्यांनी पाणी मागितलं. तिने पेला पुढे केला. तो घेताना त्यांचा हात नेहमीपेक्षा जास्त थरथरला, पाणी सांडलं, आणि पेला सावरायला तिने त्यांचा हात धरला. अंगठ्याच्या नखाच्या कडेला डाळिंबी रंग होता, अजून ओला.