शिवांश ऊर्फ कचऱ्या

२०२२ सालच्या माघातली गोष्ट. उसाच्या फडाच्या कडेला उभी राहून हर्षाली गळा फाडून ओरडत होती, "शिवांश! शिवांश!" आणि तिच्या सासूला, कुशाबाईला, वाटत होतं की धावत जावं अन् सुनेचं तोंड दाबावं.

"अगं, दिवेलागणीला पोराचं खरं नाव रानात फेकतीस? यमाला पत्ता देतीस व्हय?"

"वाघाला नाव लागत नाही, आत्याबाई!"

निमगाव सावाच्या त्या वस्तीवरून आठवड्यापूर्वीच बिबट्यानं कालवड नेली होती. पाच वर्षांचं पोर अंगणात खेळत होतं. सासू चुलीपाशी, सून गोठ्यात धार काढत. दोघींनाही वाटलं, ते दुसरीजवळ आहे. आता उसाच्या तोंडाशी त्याची एक चप्पल पडली होती.

कुशाबाईच्या पोटात वाघापेक्षाही जुनं भय होतं. तिची पहिली दोन मुलं, राजेंद्र आणि प्रताप, अशी हौसेची नावं घेऊन पाळण्यातच गेली. तिसऱ्याला सुइणीनं उकिरड्यावर लोळवलं आणि धोंड्या म्हणायला सांगितलं. कागदावर गोरख, तोंडी धोंड्या. धोंडा कोण उचलून नेतंय? तो जगला. म्हणून नातवाला तिनं कचऱ्या केलं.

ओतूरच्या कॉलेजात शिकलेल्या हर्षालीला ते नाव ऐकवत नसे. "शाळेत पोरं टोपली घेऊन मागं लागतील त्याच्या."

"लागू देत. टोपलीवाली परवडली, तिरडीवाली न्हाई."

गोरखचं मधल्या मध्ये मरण व्हायचं. आईसमोर शिवांश म्हणायची चोरी, बायकोसमोर कचऱ्या म्हणायची. तो आपला "अय पोरा" म्हणून वेळ मारून न्यायचा. आज तो पारगावच्या कारखान्यावर ऊस घालायला गेला होता.

"कचऱ्या! अय कचऱ्या!" कुशाबाईनं आवाज चढवला.

ऊस सळसळला आणि थांबला. वारा नव्हता.

शेजारचा बहिरू बॅटरी घेऊन धावत आला. पाटाच्या चिखलात त्यानं उजेड टाकला आणि मान खाली घातली. "पंजा ताजा हाय, काकी."

मग जे नाव हर्षालीनं कधी जिभेवर घेतलं नव्हतं त्याच नावानं ती ओरडू लागली, "कचऱ्या! ये रे माझ्या कचऱ्या!"

ते ऐकून कुशाबाईचा धीर सुटला. सून हरली, म्हणजे सगळं संपलं. यम ऐकू दे नाहीतर आणखी कोणी, तिनं हाक मारली, "शिवांश! बाळा शिवांश!"

ऊस गप्पच.

तेवढ्यात वळणावर ट्रॅक्टरचा उजेड पडला. बायकांचा आकांत पाहून गोरखनं खाली उडी घेतली. "अय पोरा!" तो ओरडला. "अय पोरा, कुठं हाईस?"

"हितं," उसातून आवाज आला.

चार सऱ्या आत पोर उकिडवं बसलं होतं. चड्डी ओली, अंगावर ओरखडाही नाही. पलीकडच्या सरीत जनावर बसून गेल्याची खूण होती. पाला दबलेला, माती अजून कोमट. उजेडाला बुजून गेलं असणार, बहिरू म्हणाला.

डॉक्टरनं पोराचे कान तपासले. कान चांगले होते. भीतीनं दातखीळ बसली असेल, असं घरात ठरलं.

वनखात्यानं पिंजरा लावला, त्यात काही आलं नाही. बहिरूनं दोन कुत्री पाळली. गोरखनं घराला तारेचं कुंपण घातलं. हर्षालीनं सासूशी भांडणं सोडलं. आता तीही मुलाला कचऱ्याच म्हणते. नावानंच नातू वाचला, हे कुशाबाई गावभर सांगत राहिली, आणि आसपासच्या बाळंतिणी तिच्याकडे नाव विचारायला येऊ लागल्या.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. नातू पाय चेपत बसला असताना एकदा तिनं सहज विचारलं, "तवा आमी घसा फोडत व्हतो, तुला काय बी ऐकू आलं न्हाई का रं?"

"आलं की, सगळं," तो म्हणाला. "पण तूच सांगितलं व्हतंस, रानात कुणी शिवांश म्हणलं तर तो यम असतो, ओ देऊ नको. अन् कचऱ्या म्हणलं तर ओ द्यायची न्हाई, म्हणून आईनं गळ्याची शपथ घातली व्हती."