काचेच्या आतली धूळ

काच नुसत्या हातांनी निघेना, तेव्हा फोटोवाला बाथरूममध्ये गेला आणि टॉवेल टांगायचे दोन रबरी हुक भिंतीवरून उपटून घेऊन आला. कॉम्प्युटरच्या काचेच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत त्याने ते दाबून चिकटवले आणि श्वास रोखून ओढले. काच आतल्या चुंबकांवर बसवलेली होती. टक् करून ती सुटली आणि त्याच्या हातात आली.

ती त्याने खिडकीशी नेऊन उजेडात धरली. बाहेरच्या बाजूला काही नव्हतं. आतून मात्र धुळीचा राखाडी थर बसला होता आणि वरच्या कोपऱ्यात ते ओळखीचे डाग होते. त्याने एका डागावरून बोट फिरवलं. डाग बोटावर आला.

तो खिडकीशीच उभा राहिला. आईने हे त्याला सांगितलं होतं.

लोकांचे जुने फोटो साफ करून द्यायचा त्याचा धंदा. ओल लागलेला, बुरशी चढलेला, घडी पडून चिरलेला कसलाही फोटो आणा, त्या कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण स्वतःची स्क्रीन पुसायला त्याने कधी फडकं हातात घेतलं नव्हतं. ते आईचं काम. रोज सकाळी ती मऊ कापडाने काच पुसायची आणि रोज सकाळी तो खुर्चीत बसता बसता म्हणायचा, "आई, डाग तसेच आहेत." ती बिचारी पुन्हा पुसायची. शेवटी एकदा तीही वैतागली.

"अरे, आतून आहेत ते. बाहेरून घासून कसे जातील?"

समोर एक गिऱ्हाईक बसलं होतं. त्याच्यासमोर साहेबांची अक्कल काढली गेली. "आत धूळ जायला काय दार आहे का तिथे?" तो म्हणाला. "तुला हल्ली दिसत नाही, एवढं कबूल कर की." गिऱ्हाईक हसलं. आईही हसली.

दुसऱ्या दिवशी तिने फडकं त्याच्या टेबलावर ठेवलं आणि ती आत गेली. मग त्याच्या शर्टाची तुटलेली बटणं शिवणं सुटलं, "दिसत नाही ना मला." मग पेपर सुटला. मग बसने एकटीने बहिणीकडे जाणं सुटलं, कारण बसचा नंबर चुकला तर काय घ्या. तो तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. वयाच्या मानाने डोळे उत्तम आहेत, असं डॉक्टरने सांगितलं. घरी येताना ती म्हणाली, "डॉक्टर चांगला आहे हो. म्हाताऱ्या माणसाचं मन राखतो." वय झालं की असं व्हायचंच, असं फोटोवाल्यानेही गृहीत धरलं. आज कुणाच्या तरी लहानपणीच्या फोटोवर नेमका तो डाग नाकावर येऊन बसला, म्हणून त्याने पहिल्यांदा स्वतः काच पुसली. ओल्या फडक्याने घासली, थुंकी लावली, नखाने खरवडली. डाग ढिम्म हलेना. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

आता त्याने काच आतून पुसली. कॅमेऱ्याची रबरी फुंकणी घेऊन पडद्यावरची धूळ उडवली आणि काच जागेवर बसवली. स्क्रीनवर त्याने नुसता पांढरा रंग आणला. कोरी करकरीत. आज आईची माफी मागायची, दुपारी तिच्या हातात पेपर द्यायचा आणि संध्याकाळी तिला एकटीला बसमध्ये बसवून मावशीकडे पाठवायचं, असं सगळं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

आई आतल्या खोलीत हात मांडीवर ठेवून बसली होती.

"चल, एक गंमत दाखवतो."

"मला काय दिसणार त्यात?"

"आई, तुझं बरोबर होतं. डाग आतूनच होते. तुला नीट दिसत होतं, मीच मूर्खासारखा बोललो. चुकलो मी."

"असू दे रे," ती म्हणाली. हातून कप फुटलेल्या पोराची समजूत काढावी, तशी ती म्हणाली. "एवढं काय त्यात."

त्याने तिला हाताला धरून आणलं आणि आपल्या खुर्चीत बसवलं. तिने चष्मा नीट केला. मान पुढे काढून ती या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बघत गेली, पूर्वी पुसताना बघायची तशीच. तो शेजारी उभा होता. लहानपणी प्रगतिपुस्तक तिच्या हातात देऊन असाच उभा राहायचा.

"बघ बरं. आहे एक तरी डाग?"

तिचं बोट काचेकडे निघालं, अर्ध्यात थांबलं आणि परत मांडीवर आलं. मग तिने स्क्रीनवरची नजर काढून त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"आहेत का रे?"

"तू सांग ना. तुला काय दिसतं?"

ती पुन्हा स्क्रीनकडे वळलीच नाही. त्याच्याच चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिली.

"तुला दिसत नसतील," ती म्हणाली, "तर नसतीलच."