पुडीचा कागद

"डॉक्टर, तुम्ही पेपरात लिवलंय तसंच केलं," म्हणत शेवंताने लेकीला टेबलावर निजवलं. साप चावलेल्या जागी तिने ब्लेडने चीर दिली होती. रक्त थांबत नव्हतं.

डॉक्टर निमकरांनी सलाईनमधून औषध सोडलं. लेख रंगावा म्हणून त्यांनी सुरुवातीलाच एक आई रचली होती. ती लेकीची जखम ब्लेडने चिरते, तोंडाने विष ओढून काढते.

"अगं, पुढचं वाचलं नाहीस?"

तिने वाण्याच्या पुडीचा कागद पुढे केला. "एवढाच हाय. वर तुमचा फोटू, म्हणून भरवसा धरला."

लेखाच्या फाटून गेलेल्या भागात ती मुलगी दगावते, आणि मग निमकर बजावतात, असं कधीही करू नका.

"त्यातली पोर वाचली ना, डॉक्टर?"