बाकीचे पाच

मापाच्या टेपने गळा आवळून मास्तरांचा खून झाला, त्याला आज चौथा दिवस होता. त्यांच्या शिवणकारखान्यात कामगार पाचच. फौजदारांनी पाचही जबान्या पुन्हा वाचल्या आणि चुरचुरणारे डोळे चोळले. प्रत्येकाने तेच सांगितलं होतं: बाहेरून कुणी आलं नाही, मास्तर सोडले तर खोलीत मी आणि बाकीचे पाच जण होतो.

पाचातून एक गेला की उरतात चार. एखाद्याची मोजण्यात चूक होईल, पण पाचही जणांची?

भर दुपारी त्यांनी सगळ्यांना मशीन सोडून समोर उभं केलं आणि एकेकावर बोट ठेवून मोजलं. पाच.

"मावशी, तुम्ही सोडून हे चौघं. मग पाचवा कोण?"

मावशी तिथल्या सगळ्यांत जुन्या. त्यांनी दमून सुस्कारा टाकला. "साहेब, तीनदा विचारलंत, तीनदा सांगितलं. तो बोलत नाही कुणाशी. पण मोजायचं म्हटलं की त्यालाही धरावं लागतं."

"मग आज कुठाय तो?"

फौजदारांच्या पाठीमागे, जिथे आता कुणीच नव्हतं, एक मशीन चालू झालं. पाचातल्या कुणीही मान वर केली नाही.

"वळू नका, साहेब," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "मास्तर वळले होते."