भरलेल्या डब्या

सुज्ञ वाचकहो, पुढे जी हकीकत निवेदन करावयाची आहे, तिच्यात दुष्ट असा कोणीही नाही. प्रत्येकाने दुसऱ्याचे भलेच चिंतिले. तरीही ती खेदाची आहे, म्हणून शांत चित्ताने वाचावी, ही विनंती.

"घे पोरी, भर तुझी पेटी," असे म्हणून भिमाबाईने झाकणे लावलेल्या डब्यांचे ताट मनीषापुढे ठेवले.

मनीषाने एक झाकण उघडून पाहिले. मग दुसरे. तिचे मुख प्रफुल्लित झाले. गेल्या वर्षी सिल्वासाजवळच्या गलोंडे गावातील याच खोल्यांतून निम्म्या डब्या रिकाम्या परत आल्या होत्या. उरलेल्यांत नुसती लाळ होती. यंदा प्रत्येक डबीत छातीतून खाकरून काढलेला दाट कफ होता. क्षयाच्या तपासणीस असाच लागतो.

मनीषा मुंबईस डॉक्टरीचे शिक्षण घेत होती. तिचे वडील धुळ्याकडे सालदार होते. वसतिगृहाच्या मेसमध्ये ती व तिच्यासारखी मुले पंगतीस आली की कोणीतरी म्हणे, "सरकारचे जावई आले, तूप वाढा." अशा मुलांनी मिळून एक मंडळ स्थापन केले. जेथे डॉक्टर आपण होऊन जात नाही तेथे जावे, असा त्यांचा निश्चय होता. गिरगावचा केदार जावई नसूनही त्यांत सामील झाला होता. सुट्टीच्या दिवशी वापीस उतरून ही मंडळी सिल्वासास येत, आणि सुताच्या कारखान्यांतील खानदेशी कामगारांच्या खोल्या पालथ्या घालीत.

गेल्या वर्षी एका डबीत क्षयाचे जंतू सापडले होते. ती डबी काळूची, म्हणजे भिमाबाईच्या नवऱ्याची होती. मनीषा तळमळीने स्वतः कारखान्याच्या मॅनेजरकडे गेली. "ह्यांना क्षय आहे, औषध चालू केले आहे, कृपा करून काही दिवस विश्रांती द्यावी," असे ती हात जोडून म्हणाली. मॅनेजरने तिला चहा पाजला. काळूला त्याने दुसऱ्याच दिवशी विश्रांती दिली, आणि ती कायमची दिली. काळू गावी गेला. औषध अर्ध्यावर सुटले. आता तो तेथे खाटेवर पडून होता, आणि भिमाबाई त्याच कारखान्यात बॉबिनी भरून त्याला पैसे धाडीत होती.

मनीषाने तिची क्षमा मागितली होती. "तू आमनीच शेस, पोरी," आमचीच आहेस, एवढेच भिमाबाई म्हणाली होती. आणि यंदा घरोघर जाऊन डब्या तिनेच गोळा केल्या. तो विश्वास पाहून मनीषाचे डोळे भरून आले.

सायंकाळी सिल्वासाच्या मुक्कामी केदार सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता.

"मनीषा, मी काच बदलतोय ना गं?"

"का रे?"

"ही बघ. मघाचीही अशीच होती. तिच्या आधीचीही."

मनीषाने पाहिले. निळ्या रंगावर लाल काड्या विखुरल्या होत्या. प्रत्येक काचेवर त्याच होत्या. खोल्यांच्या त्या ओळीत निरोगी असा एकही मनुष्य उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेज बुडवून पुन्हा गलोंड्यास गेली. भिमाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडीत होती.

"मावशी, सगळ्यांच्या डबीत रोग निघालाय. तुमच्यासुद्धा."

भिमाबाई हसली. "मला? मला साधं पडसं नही." मग ते हसू ओठांवरच थिजले. तिने सूप खाली ठेवले.

"पोरी, डबी कोनीच भरली नही. काळूचं झालं तेच आपलं होईल, म्हणून सगळे भ्यायले. आणि तू इतक्या लांबून येतेस, तुला नाही म्हणवेना. मग ठरलं, जो समद्यात तगडा त्याच्याकडून भरून घ्यायच्या. ललितकडून. दोन-दोन खोकी एका खांद्यावर नेतो तो. ताट मीच घेऊन गेले. बसला आणि भराभर भरून दिल्या. आम्ही म्हटलं, पैलवानाची छाती, तिला काय कमी."

ललित खोल्यांच्या मागे ताडाखाली बसला होता. ऊन चढले होते, तरी त्याने गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला होता. मनीषाला पाहून तो दचकला नाही. जणू तो तिचीच वाट पाहत होता.

"ललितभाऊ, तुम्हाला ठाऊक होतं?"

"दिवाळीपासून रक्त पडतंय."

"मग ताट पुढं आलं तेव्हा 'नको' का म्हणाला नाहीत?"

ललितने टॉवेलाने ओठ पुसले. "कसं म्हणू, ताई? माझी नको म्हटलं असतं, तर तिथंच समद्यांना कळलं असतं."

मनीषाने पिशवीतून गोळ्यांची पुडी काढली. ललितने ती घेतली आणि मुठीत झाकली. मग तो उठला, आणि जाता जाता हात जोडून म्हणाला,

"औषध द्या, ताई. विश्रांती तेवढी कुणाकडं मागू नका."

ही हकीकत आपण मन लावून वाचलीत, याबद्दल मी आपला आभारी आहे.

आपला नम्र,
रामदास उखा महाले, सिल्वासा