आईचा आराम

डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन आईकडे वळवला.

"ही तुमची मांडी, मावशी. आडवी कापून बघितल्यासारखी."

आईनं चष्मा पुसून पाहिलं. करड्या स्नायूत जागोजागी पांढऱ्या रेघा शिरल्या होत्या.

"हे पांढरं काय?"

"चरबी. कातडीखालची वेगळी, ही स्नायूच्या आत साठलीय."

"पण आईचं वजन वाढलेलं नाही," शेजारी बसलेला मुलगा म्हणाला. "जुने कपडे अजून अंगाला बसतात तिच्या."

"मांस झिजलं आणि चरबी आली. काट्याला पत्ताच लागला नाही." त्यांनी रक्ताचा रिपोर्ट पुढे ओढला. "जेवलं की रक्तात साखर येते. ती उचलायचं मोठं काम स्नायूंचं. इन्सुलिन त्यांना तसा निरोप देतं. पण बसून बसून आत अशी चरबी साठली, की तो निरोप नीट पोचत नाही. साखर रक्तातच फिरत राहते. तुम्ही दाखवायला आलात ती पायाची जखम भरत नाहीय, तीही या साखरेमुळेच." मग त्यांनी सहज विचारलं, "दिवसभर काय करता?"

"काही नाही. मी काही करूच देत नाही तिला," मुलगा म्हणाला. नातेवाइकांना तो हे वाक्य नेहमी छाती पुढे काढून सांगायचा. आज शेवटचे शब्द अगदी हळू आले.

"आणि आधी?"

आई खुर्चीत जराशी ताठ झाली. "इस्त्रीचं दुकान होतं माझं. सकाळपासून उभी. कपड्यांचे गठ्ठे घेऊन जिने चढायचे. गिऱ्हाइकं म्हणायची, मावशी, पायांना चाकं लावून घेतलीत काय."

"मग बंद का केलं?"

"कंटाळा आला," आई पटकन म्हणाली. "किती दिवस तेच तेच करायचं माणसानं."

मुलानं तिच्याकडे पाहिलं. शटर त्यानं स्वतःच्या हातानं ओढलं होतं. ती बाहेर पायरीवर उभी होती. निदान रोज दुपारपर्यंत तरी चालू ठेवूया, म्हणत होती. तो म्हणाला होता, "मुलगा नोकरीला लागला तरी आई राबतेय, लोक मला काय म्हणतील? आता पायावर पाय टाकून बस." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. बसली.

"मी बंद करायला लावलं," तो म्हणाला.

आई खिडकीबाहेर बघू लागली.

"सगळं त्यामुळेच झालं असं म्हणता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वय असतं, घराण्यातही असतं. पण हे पाय वापरात राहिले असते तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "अजूनही वापरता येतील. पूर्वीसारखे होतील असं मात्र मी सांगणार नाही. मावशी, हात न टेकता उठून दाखवा बरं."

आईनं हात छातीशी बांधले. पुढे वाकली, जेमतेम खुर्चीवरून सुटली आणि धपकन मागे बसली. स्वतःशीच हसली. पुन्हा वाकली. या वेळी मांड्या थरथरल्या. मुलगा झटकन उठला आणि त्यानं तिचं कोपर धरलं.

"सोड."

"पडशील, आई."

"सोड रे. तू धरलंस की मी उठतच नाही."

ती रागावली नव्हती. त्यानं कोपर सोडलं आणि तो खुर्चीत परत बसला. हात पुन्हा पुन्हा तिच्याकडे जाऊ लागले. शेवटी त्यानं ते स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले.

आई पुन्हा पुढे वाकली.